तांबडीचं वजन

गवत, नाकतोडा, बेडूक, साप, गरुड. या पाच चित्रांनी माझं डोकं जन्मभर उठवलं. परवा पुतण्याची मुलगी अन्नसाखळीचा तोच तक्ता घेऊन माझ्यासमोर उभी. आता हा तक्ता शंकर नगरच्या स्टेशनरीच्या दुकानात छापलेला तयार मिळतो, घरी आणायचा, मागे पुठ्ठा लावायचा, झाला प्रकल्प. "दादी, बस दो मिनट में समझा दो, कल सुनाना है," ती म्हणाली. मराठी तिला सगळं कळतं, पण तोंड उघडलं की हिंदीच. मी विचारलं, "साप बेडूक खाताना पाहिला आहेस का कधी?" तर म्हणे, "छी!" गरुड पाहिलास का, तर नाही. नाकतोडा? तो टीव्हीत पाहिला होता. मग पाठ कशाला करतेस, म्हटलं. "मार्क्स के लिए." मी हात टेकले. बत्तीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं, त्यात हा धडा किमान पन्नास वेळा तरी शिकवला असेल, आणि दर वेळी फळ्यावर एका चित्राकडून दुसऱ्याकडे जाणारा तो बाण काढताना माझी चिडचिड झाली. मुलांना वाटायचं मॅडमचा स्वभावच तसा. स्वभाव आहेच, पण या धड्याच्या बाबतीत कारण वेगळं आहे, आणि ते कारण म्हणजे माझी आई.

आम्ही तेव्हा रेल्वेच्या क्वार्टरात राहत होतो. दोन खोल्या, मागे ओसरी, ओसरीला लागून स्वयंपाकघर, आणि त्यापुढे परसात एक शेवग्याचं झाड. आमची गावाकडची माणसं विदर्भातली, पण माझा जन्म रायपूरचाच. मालगाड्यांचे डबे एकमेकांवर आदळायचे तो आवाज दिवसभर यायचा, धड-धड-धड करत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायचा आणि फळीवरची भांडी किणकिणायची. पाहुणे दचकायचे. आम्हाला तो आवाज बंद झाला तर चुकल्यासारखं वाटायचं. बाबा वॅगन दुरुस्तीच्या कामावर होते. सकाळी डबा घेऊन निघायचे ते संध्याकाळी अंगाला तेलाचा वास घेऊन यायचे. दादा माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा, तोही त्याच लायनीत उमेदवारी करत होता, तोही डबा घेऊन जायचा. मी दहावीत, सकाळची शाळा. म्हणजे सकाळी साडेसहापासून दुपारी साडेबारापर्यंत घरात आई एकटी. ही वेळ लक्षात ठेवा, कारण आमचं सगळं वाटोळं त्याच वेळात झालं.

जेवण आमचं अर्धं वऱ्हाडी आणि अर्धं इथलं. ज्वारी गावाकडून कोणी आणली तर भाकरी, नाहीतर दोन्ही वेळ भात. भातावर वरण, सोबत लाल भाजी किंवा चेच भाजी या इथल्या पालेभाज्या, कधी झुणका, रविवारी विहारातून वंदना करून आलो की सुकट किंवा मटण. उन्हाळ्यात आईनं शेजारणीकडून बासी खायची सवय उचलली होती. रात्रीचा भात पाण्यात घालून ठेवायचा आणि सकाळी कांदा-मिठाशी तो पाण्यासकट प्यायचा. ही शेजारीण म्हणजे फिरंतीन दीदी. पहाटे टोपलीभर पालेभाज्या घेऊन बाजारात बसायची आणि दुपारी एकच्या सुमारास रिकामी टोपली, तराजू आणि वजनं घेऊन परत यायची. तिच्या त्या तराजूनं माझ्या आयुष्यात जेवढी उलथापालथ केली तेवढी कुठल्या माणसानं केली नसेल.

प्रश्न अकरावीचा होता. मला जीवशास्त्र घ्यायचं होतं. ते ज्या शाळेत होतं ती शाळा चौबे कॉलोनीच्याही पलीकडे, प्रॅक्टिकल संपवून घरी यायला अंधार व्हायचा, आणि आमच्या ओळखीत तोवर कुठल्या मुलीनं विज्ञान घेतलं नव्हतं. बाबांचं मत सरळ होतं. आर्ट्स घ्यायचं, जोडीला टायपिंग शिकायचं, कुठंतरी ऑफिसात चिकटायचं. बाबा वाईट नव्हते. त्यांना माझी नोकरी हवी होती, लग्नाची घाई नव्हती, हे त्या काळात फार झालं. पण मला टायपिंगचा विचार केला तरी बोटं दुखायची. मी रडले, अबोला धरला, दोन दिवस जेवले नाही. शेवटी बाबांनी वैतागून तोडगा काढला, "जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनीत तुझा नंबर आला, तर बायोलॉजी. नाही आला, तर तोंडातून एक शब्द नाही काढायचा. आर्ट्स अन् टायपिंग. मंजूर?" मी मंजूर म्हटलं. आई चुलीपाशी बसून सगळं ऐकत होती. ती काही बोलली नाही, आणि त्या न बोलण्याची मला तेव्हाच भीती वाटायला हवी होती.

आमच्या विज्ञानाच्या मॅडमनी वर्गात सांगितलं होतं की खाणारा जे खातो त्यातलं बहुतेक चालण्याफिरण्यात, श्वास घेण्यात, अंग गरम ठेवण्यात खर्च होऊन जातं. अंगी लागतं ते साधारण दहावा हिस्सा, आणि पुढचा खाणारा त्याला खाईल तेव्हा त्याच्या वाट्याला तेवढंच येतं. म्हणून गवत भरपूर, नाकतोडे कमी, बेडूक त्याहून कमी, आणि गरुड एखादाच. बाकीच्या मुली चित्रं काढायला बसल्या. मी ठरवलं, चित्र नाही, करूनच दाखवायचं. एक कोंबडी घ्यायची, तिला रोज मोजून दाणे घालायचे, आठवड्याला तिचं वजन करायचं, आणि दाण्याचा दहावा हिस्सा तिच्या अंगावर चढला हे वहीत दाखवून द्यायचं. आज एखाद्या मुलीनं माझ्याकडे असा प्रयोग आणला तर मी तिला सरळ शून्य देईन. दाणे कोरडे असतात, कोंबडीच्या अंगात निम्म्याहून जास्त पाणी असतं, दोन्ही एकाच तराजूत घालून ऊर्जा कशी मोजणार? पण हे मला तेव्हा कोणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं.

आमच्याकडे चार कोंबड्या होत्या. त्यातली एक तांबडी तलंग मी निवडली, अजून अंड्यावर न आलेली, बरोबर अर्धा किलो भरलेली. फिरंतीन दीदीच्या तराजूच्या एका पारड्यात पाय बांधलेली तांबडी आणि दुसऱ्यात वजनं, आणि ती पारड्यात बसून इतका आरडाओरडा करी की शेजारचे डोकावून जात. दर रविवारी मी दीदीकडून तराजू मागून आणायची आणि कनकीच्या, म्हणजे तुकडा तांदळाच्या, पन्नास-पन्नास ग्रॅमच्या सात पुड्या बांधून ठेवायची. रोज शाळेत जाताना एक पुडी तांबडीला. बाकी काही नाही. तिनं किडे-मुंग्या टिपू नयेत म्हणून तिला ओसरीतल्या फरशीवर वेताच्या डाल्याखाली कोंडून ठेवलं. घरातल्या सगळ्यांना ताकीद दिली की तिला कोणी काही घालायचं नाही, शिळं नाही, उष्टं नाही, एक शीतसुद्धा नाही. सहा आठवडे. दोन किलो शंभर ग्रॅम कनकी. म्हणजे तांबडी दोनशे दहा ग्रॅमनं वाढायला हवी. वहीच्या पहिल्या पानावर मी हे लाल शाईनं लिहून त्याभोवती चौकट काढली होती.

पहिल्या रविवारी तांबडी शंभर ग्रॅम वाढली. म्हटलं असेल, मोजताना काहीतरी चुकलं असेल. दुसऱ्या रविवारी आणखी शंभर. तिसऱ्या रविवारी दोनशे दहाची मर्यादा ओलांडून ती खुशाल पारड्यात बसली होती आणि माझ्याकडे एका डोळ्यानं पाहत होती.  मी दादाला धरलं. "मी कायले घालू तुह्या कोंबडीले? मले घरी येऊन जेवाले टाइम नाही भेटत," तो म्हणाला. फिरंतीन दीदीला विचारलं, तर ती हसत सुटली, "तोर कुकरी त अब्बड़ मोटागे हे नोनी! का खवाथस?" तुझी कोंबडी भलतीच जाड झाली, काय खाऊ घालतेस म्हणे! मला तेच तर कळत नव्हतं. मी फरशीच्या फटी मातीनं लिंपल्या. वाळवी येते का म्हणून डालं दोनदा जागेवरून हलवलं. कनकीत काही भेसळ आहे का म्हणून चाळून पाहिली. आईला विचारलं, तर तिनं पदराला हात पुसत विचारलं, "किती झाली?" आठशेच्या वर गेली म्हटल्यावर तिच्या चेहऱ्यावर जे समाधान आलं ते पाहून मला वाटलं, आईला निदान माझ्या कामाची काळजी तरी आहे.

त्याच दिवसांत आईला चक्कर यायला लागली होती. एकदा विहिरीवरून हंडा आणताना ती मध्येच खाली बसली. ऊन लागलं असेल, असं आम्ही सगळ्यांनी ठरवून टाकलं. कांदा हुंगायला दिला, लिंबाचं सरबत दिलं, आणि आपापल्या कामाला लागलो. थंडीचे दिवस होते, ऊन लागेल असं ऊनच नव्हतं. आई सोडून तीन हुशार माणसं त्या घरात राहत होती आणि एकाच्याही डोक्यात हा साधा विचार आला नाही, याचा मला आजही राग येतो. सगळ्यात जास्त माझा येतो, कारण वही पेन्सिल घेऊन कोण किती खातं हे मोजत फिरणारी मी होते.

पाचव्या आठवड्यात एक दिवस शाळा लवकर सुटली. साडेअकराला मी घरी पोचले. समोरचं दार आतून लावलेलं होतं म्हणून मागून गेले. शेवग्याखाली आई पाय पसरून बसली होती. तिच्या पुढ्यात तिचं ताट, ताटात वरणभात, बाजूला सुकटीचा तुकडा. आणि डाल्यातून बाहेर काढलेली तांबडी त्या ताटात दोन्ही पाय रोवून उभी राहून जेवत होती. आई मूठभर भात कालवून तिच्या चोचीपुढे धरत होती. "खाय माय, खाय. चांगली तयार हो," ती म्हणत होती. "आपल्याले नंबर आणाचा हाय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दप्तर मी तिथंच फेकलं. "आई! काय करून राहिली तू हे?"

आई दचकली, पण लाजली नाही. "लवकर कशी आली वं? जेवू घालून राहिली तिले. पन्नास ग्राममध्ये का होते? तू तिले उपाशी मारून राहिली होती."

"कवापासून?"

"पयल्या दिवसापासून. थोडं थोडं."

"मी सांगितलं होतं ना, एक शीत नाही घालायचं म्हणून! काहून घातलं?"

मग आईनं जे सांगितलं ते ऐकून मी डोकं धरून खाली बसले. आईच्या माहेरी बाजाराच्या दिवशी जनावरांची प्रदर्शनी भरत असे. ज्याचा बैल तगडा, ज्याची शेळी भरलेली, त्याचा नंबर. विज्ञान प्रदर्शनीत कोंबडी न्यायची आहे, दर रविवारी तिचं वजन होतं, पोरगी ते वजन वहीत लिहिते, यावरून आईनं स्वच्छ निष्कर्ष काढला होता की ज्याची कोंबडी सगळ्यात वजनदार त्याचा नंबर. आणि नंबर आला तर बायोलॉजी. "तुह्या बाबानं शब्द देला हाय. मग मी पाहात बसू का?" आई म्हणाली. "दोनशे दहा ग्रामनं का नंबर येते? बाकीच्या पोट्ट्या कोंबड्या का उपाशी ठेवून आणतीन?"

"तुले काही समजत नाही तर हात काहून लावते तू माझ्या कामाले!" मी ओरडले. "सगळी मेहनत पाण्यात घातली. तुह्यामुळं मी टायपिंग करन जन्मभर!" मालगाडी शंटिंग करत होती, डबे आदळत होते, तरी माझा आवाज त्यावर होता. फिरंतीन दीदी बाजारातून यायची होती म्हणून बरं. हे लिहिताना मला मोह होतो आहे की त्या क्षणी माझ्या डोळ्यांत पाणी आलं असं लिहावं, आई अर्ध्या पोटी राहून कोंबडी भरवते आहे हे पाहून मन भरून आलं असं लिहावं. तसं काही झालं नाही. मला फक्त राग आला होता. मी आईला हाताला धरून उठवलं, दीदी आल्यावर तिचा तराजू आणला आणि आईला म्हटलं, रोज जेवढा घालायचीस तेवढा भात मुठीत घे. आईनं मूठ भरली. ऐंशी ग्रॅम. रोज किती मुठी? "दोन. कधी तीन." तुझ्या ताटात असतात किती? आईनं विचार केला. "चार-पाच." मी हे सगळं वहीच्या शेवटच्या पानावर लिहून काढलं, वर "आई" असं एक सदर पाडलं, आणि त्या सदराचा अर्थ माझ्या डोक्यात शिरलाच नाही. मी फक्त बेरीज करत होते.

संध्याकाळी दादाला सांगितलं. बाबांना काही सांगायचं नाही असं आम्ही ठरवलं. दादाचं डोकं अशा वेळी फार चालायचं. तो म्हणाला, तक्त्यावर दोनशे दहाच लिही. कोंबडी कोण मोजते? आणि मोजलीच तर फिरंतीन दीदीकडे अशीच तांबडी तलंग आहे, बारकी, ती घेऊन जाऊ. मी एका शब्दानंही नाही म्हटलं नाही. मॅडमच्या नकळत मी तक्ता नव्यानं रंगवला, त्यावर सहा आठवड्यांचे सहा खोटे आकडे सुबक अक्षरात लिहिले, आणि खरी वही दप्तराच्या तळाशी घातली. खोटे आकडे इतके छान जमले होते की पाहणाऱ्याला वाटावं निसर्ग माझ्या वर्गातच शिकलेला आहे.

प्रदर्शनीच्या दिवशी आईनं जाहीर केलं की तीही येणार. ती आजवर माझ्या शाळेत कधी आली नव्हती. ठेवणीतलं निळं लुगडं नेसून, डोक्याला तेल लावून ती रिक्षात बसली, आणि आपण भरवलेल्या कोंबडीचं कौतुक व्हायचं आहे या आनंदात ती संपूर्ण रस्ता हसत होती. डालं झाकलेलं होतं, आत दीदीची बारकी तलंग होती, आमची तांबडी दादानं पहाटेच दीदीकडे नेऊन ठेवली होती. नाही म्हणायला मला तोंडच नव्हतं. प्रदर्शनी एका शाळेच्या सभागृहात होती. चार ज्वालामुखी, तीन धरणं, एक पवनचक्की, आणि कोंबडी फक्त माझी. परीक्षक दोघं होते. एक चष्मेवाले सर, कुठल्याशा कॉलेजचे, आणि त्यांच्याबरोबर एक पांढऱ्या केसांच्या बाई. मी घडाघडा बोलले. सर खूश झाले. "वाह, बिल्कुल दस प्रतिशत! बच्ची ने करके देखा है," ते म्हणाले, आणि डाल्याकडे बोट दाखवलं, "दिखाओ ज़रा." आता बायोलॉजी माझ्या हातात होतं. मी डालं उचललं.

"अवं!" आई मागून ओरडली. "ही कोनाची? ही आपली तांबडी नव्हे! आपली तांबडी एवढीशी नाही, किलोच्या वर हाय ते!"

सरांना मराठी येत नव्हतं. बाईंना येत होतं. रायपुरात खोटं बोलायचं असेल तर मराठीवर कधी भरवसा ठेवू नये, कोण कुठून मराठी निघेल सांगता येत नाही. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि शांतपणे म्हणाल्या, "मूळ वही दाखव." मी दिली. त्यांनी पानं उलटत शेवटच्या पानावर येऊन ते सदर वाचलं. "हे 'आई' म्हणजे काय?"  आई पुढे झाली आणि सगळं सांगून टाकलं, अभिमानानं, मुठीसकट, ऐंशी ग्रॅमसकट. सरांना कळावं म्हणून अधूनमधून हिंदीतही सांगितलं. बाईंनी विचारलं, "मग तुम्ही काय जेवत होता?"

"मले भूकच नाही लागत बाई," आई म्हणाली. "मी बासीचं पानी पेते."

तेव्हा मला दारापाशी बाबा दिसले. ड्युटीवरून सुट्टी घेऊन, कामाच्या कपड्यांतच आले होते. किती वेळ उभे होते कोण जाणे, पण शेवटचं त्यांनी नक्की ऐकलं, कारण ते आईकडे असे पाहत होते की जणू घरात राहणारी बाई कोण आहे हे त्यांना कोणी आत्ता सांगितलं. बाई मला म्हणाल्या, "तुझा तक्ता खोटा आहे. वही खरी आहे, आणि चांगली आहे. पण तू ती लपवलीस, म्हणून मी तिला नंबर देऊ शकत नाही." पहिला नंबर ज्वालामुखीला मिळाला. ज्वालामुखीलाच मिळतो. मी पुढे बत्तीस वर्षं परीक्षक म्हणून जिथं जिथं गेले तिथं मला त्या ज्वालामुखीशी भांडावं लागलं आहे.

परतताना रिक्षात मी आईला सांगून टाकलं की कोंबडी बदलायची युक्ती दादाची. आईला वाटत होतं की कोंबडी बदलल्यामुळे नंबर गेला, आणि ती दादावर धुसफुसत होती. मी तिला काही समजवायच्या पलीकडे गेले होते.  तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबा अकरावीचा फॉर्म घेऊन ओसरीत बसले. मंजूर म्हटलं होतं ना, म्हणून मी तोंडातून शब्द काढला नाही. बाबांनी पेनाचं टोपण काढलं.

"थांबा," आई म्हणाली. तिच्या हातात भाताची पळी होती. "काय लिहून राहिले?"

"ठरलं होतं तेच. नंबर नाही आला."

"नंबर माझ्यापायी गेला. पोट्टीपायी नाही गेला."

"ठरलं होतं ते ठरलं होतं."

"तुमचं ठरलं होतं. माझं कोनी इचारलं होतं?" आई पुढे आली. तिचा आवाज चढला नाही, पण मी तो आवाज पहिल्यांदाच ऐकत होते. "मी सव्वा महिना अर्ध्या पोटानं काढला. चक्कर येऊन हंड्यासंग पडली. माझ्या तोंडचा घास गेला त्यात. टायपिंगसाठी नाही गेला, सांगून ठेवते."

बाबांनी मान वर केली. "मले काहून नाही सांगितलं तू?"

"तुमी इचारलं का कधी? जेवली का म्हणून, एक डाव तरी?"

 डबे आदळले, भांडी किणकिणली, पुन्हा थांबली.  मग बाबांनी विषयाच्या रकान्यात स्वतःच्या हातानं "जीवविज्ञान" असं लिहिलं, खाली सही केली, आणि फॉर्म माझ्या हातात न देता आईच्या हातात दिला. आईला वाचता येत नव्हतं. तिनं तो माझ्याकडे धरला, "बरोबर लिहिलं का पाय." मी पाहिलं आणि तिथंच बसून रडले. उशिरा का होईना, त्या सदराचा अर्थ माझ्या डोक्यात शिरला होता. दुसऱ्या दिवशी बाबा आईला डॉक्टरकडे घेऊन गेले. अंगात रक्त कमी, डॉक्टर म्हणाले. लाल गोळ्या दिल्या आणि नीट जेवा म्हणून सांगितलं.

रविवारी आईनं तांबडी कापायला लावली. मी म्हटलं, अंड्यावर येईल आता, राहू दे. "नाही," आई म्हणाली. "सव्वा महिना माझं खाल्लं तिनं. आता मी तिले खाते." मला हे फार पटलं. भाजलेल्या खोबऱ्याचा, काळ्या मसाल्याचा रस्सा दुपारभर शिजत होता आणि क्वार्टरांच्या अर्ध्या लायनीला वास गेला होता. फिरंतीन दीदीकडे वाटीभर पोचता केला. आईचं ताट त्या दिवशी बाबांनी मांडलं, आपल्या शेजारी, आणि ती आमच्याबरोबर बसली. वाढायला मी होते. दोन्ही तंगड्या मी उचलल्या आणि दादा बघत असताना आईच्या ताटात घातल्या. "खाय," म्हटलं. "माझ्यासमोर खाय."

"खाते ना वं," आई म्हणाली. "पानी राहिलं बाहेर. तेवढं आन, मंग खाते."

पाण्याचा गडवा ओसरीत होता. चार पावलं जायचं आणि चार पावलं यायचं. परत आले तेव्हा एक तंगडी माझ्या ताटात होती आणि दुसरी दादाच्या. बाबा आईकडे पाहत हसावं की रडावं अशा अवस्थेत बसले होते. आईनं मानेचा तुकडा उचलला. "किती मास भरलं होतं पाय तिच्या आंगावर," ती म्हणाली, आणि हाडूक चोखायला लागली.